विजेत्याचे ऋण

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर राजे, संत, समाजसुधारक आणि राज्यक्रांत्या यांची आपल्याला सवय आहे. मुष्टियुद्ध हा विषय तेथे क्वचितच येतो. ठोसे लगावून पोट भरणाऱ्या एका परदेशी माणसाचे चरित्र आपण संध्याकाळचा वेळ मोडून का ऐकावे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे. आमचे त्यावर उत्तर एवढेच की, काही माणसांच्या आयुष्यात एखादा असा प्रसंग घडतो की ज्याचा निवाडा कायदा करीत नाही, पंच करीत नाहीत आणि वर्तमानपत्रेही करू शकत नाहीत. मेक्सिकोचा मुष्टियोद्धा लूपे पिंतोर याच्या आयुष्यात असा प्रसंग घडला. दोन माणसे नियमाने लढली, पंचाने त्यांना नियमाने लढू दिले, आणि त्यांतला एक मेला. दोष कोणाचा? आणि जो जिवंत राहिला, जिंकला, जगज्जेता म्हणून मिरवला, त्याने पुढचे आयुष्य कसे काढायचे? हा प्रश्न मुष्टियुद्धापुरता नाही, म्हणूनच आज तो आपल्यापुढे मांडायचा आहे.

खेळ आणि त्याचे वजन

आरंभी खेळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्याला तालीम ठाऊक आहे, कुस्ती ठाऊक आहे. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की निकाल लागतो. त्याला इजा व्हावी असा डावाचा हेतू नसतो. मुष्टियुद्धाचे तसे नाही. चौकोनी रिंगणात, हातात जाड मोजे घालून, तीन तीन मिनिटांच्या फेऱ्यांत हे युद्ध चालते. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट विश्रांती. खाली पडलेला गडी पंचाने दहा आकडे मोजेपर्यंत उठला नाही तर तो हरला; यालाच नॉकआउट म्हणतात. कोणीच पडला नाही तर तीन परीक्षकांच्या गुणांवर निकाल. १९८२ सालापर्यंत जागतिक किताबाच्या लढती पंधरा फेऱ्यांच्या असत. म्हणजे प्रत्यक्ष लढण्याचीच पंचेचाळीस मिनिटे झाली. प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर आघात करून त्याची शुद्ध हरपवणे हे या खेळात नियमबाह्य नाही. उलट तोच सर्वांत निर्विवाद विजय मानला जातो. ही गोष्ट ध्यानात ठेवल्यावाचून पुढची हकीकत कळणार नाही.

वजनाप्रमाणे या खेळात वर्ग पाडलेले आहेत. त्यांतल्या 'बँटमवेट' या हलक्या वर्गाची कमाल मर्यादा ११८ पौंड, म्हणजे साडेत्रेपन्न किलोच्या आसपास. बँटम म्हणजे छोट्या चणीच्या जातीचा कोंबडा. नाव अगदी समर्पक आहे. या वर्गातले गडी आकाराने लहान, चपळ आणि झुंजार असतात. अवजड वर्गातल्या मल्लांसारखा एका ठोशात खेळ संपवण्याचा ठेका त्यांच्याकडे नसतो, पण एका लढतीत ते शेकडो वार करतात आणि झेलतात.

मेक्सिकोने या हलक्या वर्गांत आपले साम्राज्य उभे केले. राऊल मासियास याने १९५५ साली अमेरिकेतील एका प्रमुख संघटनेचा बँटमवेट किताब जिंकला. १९५९ मध्ये होसे बेसेर्रा, १९६९ मध्ये रुबेन ओलिवारेस, १९७६ मध्ये कार्लोस साराते असे एकामागून एक जगज्जेते त्या देशाने दिले. मेक्सिको शहरातच १९६३ साली जागतिक मुष्टियुद्ध परिषद स्थापन झाली, आणि १९७५ पासून पुढे जवळजवळ चार दशके होसे सुलेमान हे मेक्सिकन गृहस्थ तिचे अध्यक्ष होते. सरहद्दीपलीकडे लॉस एंजेलिसमध्ये लाखो मेक्सिकन कष्टकरी राहत. त्यांच्या आठवड्याच्या मजुरीतून तिकिटे विकली जात, आणि आपल्या मुलखाचा एखादा पोरगा रिंगणात उतरला की त्या गर्दीला मायदेश भेटल्यासारखे वाटे. गरिबीतून वर येण्याची वाट म्हणून हजारो मुले व्यायामशाळेची पायरी चढत होती. पिंतोर हा त्यांतलाच एक.

क्वाहिमाल्पाचा पोरगा

होसे ग्वादालूपे पिंतोर याचा जन्म १३ एप्रिल १९५५ चा. मेक्सिको शहराच्या पश्चिमेला डोंगरउतारावर क्वाहिमाल्पा नावाची वस्ती आहे, ती त्याची. ग्वादालूपे हे मेक्सिकोच्या लोकदेवतेचे, कुमारी मातेचे नाव; ते तेथे मुलींना ठेवतात तसे मुलांनाही ठेवतात, आणि लाडाने त्याचे 'लूपे' होते. घरात लाडाचा भाग मात्र एवढ्यावरच संपला. वडिलांचा हात जड होता. माराला कंटाळून पोरगा घरातून पळाला आणि लहानपणीच रस्त्यावरच्या जगात दाखल झाला. रस्त्यावर मूठ चालवता येणे ही त्या वयातली शिदोरीच म्हणायची. ती त्याला पुढे कामी आली. १९७४ साली तो पैशासाठी लढू लागला. लोक त्याला 'एल इंदियो', म्हणजे मूळ रहिवाशांच्या रक्ताचा, असे म्हणत. चेहरा राकट, बोलणे थोडे, ठोसा दोन्ही हातांचा.

आर्तुरो हेर्नांदेस हे मेक्सिकोतले नामांकित व्यवस्थापक. त्यांच्या पदरी त्या वेळी जगज्जेता कार्लोस साराते होता. त्याच्या कारकिर्दीतल्या एकूण ६६ विजयांपैकी ६३ नॉकआउटने मिळालेले आहेत, एवढे सांगितले म्हणजे त्याची धास्ती काय असेल ते कळावे. पिंतोरही याच हेर्नांदेस यांच्या पदरी होता. एकाच गुरूच्या तालमीतले दोन पठ्ठे आमनेसामने आले म्हणजे जे व्हायचे तेच झाले. ३ जून १९७९ रोजी लास व्हेगासमध्ये दोघे किताबासाठी लढले. चौथ्या फेरीत पिंतोर खाली पडला, उठला, आणि पंधराही फेऱ्या टिकला. निकाल ऐकून सभागृह चकित झाले. दोन परीक्षकांनी पिंतोरला १४३-१४२ असा एका गुणाने विजयी ठरवले होते. तिसऱ्याने साराते १४५, पिंतोर १३३ असे लिहिले होते. एकाच लढतीकडे पाहणाऱ्या तीन माणसांत इतकी तफावत! सारातेला हा अन्याय इतका झोंबला की त्याने मुष्टियुद्धच सोडले, आणि कित्येक वर्षांनी, १९८६ मध्ये, तो रिंगणात परतला.

अशा रीतीने पिंतोर जगज्जेता झाला खरा, पण मनापासून त्याला जगज्जेता म्हणणारे थोडे होते. किताब मिळाला, मान मिळाला नाही. अशा माणसाची पुढची प्रत्येक लढत ही आपला हक्क सिद्ध करण्याची लढत होते. १९८० च्या जूनमध्ये तोक्योत एइजिरो मुराता याच्याशी त्याची लढत बरोबरीत सुटली. किताब राहिला, पण टीकाकारांना आणखी एक निमित्त मिळाले. त्यानंतरचा आव्हानवीर वेल्समधून येणार होता.

मर्थरची आगकाडी

वेल्सच्या दक्षिणेस मर्थर टिडफिल नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात लोखंडाच्या भट्ट्यांनी आणि कोळशाच्या खाणींनी ते भरभराटीला आले. पुढे भट्ट्या विझल्या, खाणी ओसरल्या, आणि गाव दारिद्र्यात गेले. गावाजवळच्या ॲबरफॅन येथे २१ ऑक्टोबर १९६६ रोजी खाणीच्या कचऱ्याचा डोंगर शाळेवर कोसळला आणि १४४ माणसे गेली. त्यांत ११६ मुले होती. शोक म्हणजे काय हे या मुलखाला कोणी शिकवायला नको होते.

याच गावाचे मेक्सिकोशी जुने नाते होते, आणि तेही मुष्टियुद्धाचेच. मर्थरचा हॉवर्ड विन्स्टन हा फेदरवेट, म्हणजे बँटमच्या वरच्या वर्गातला गडी. खेळण्यांच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोके गेली होती. तरी डाव्या हाताच्या कसबावर तो युरोपात पहिला आला. त्याने मेक्सिकोचा डावखुरा जगज्जेता विसेन्ते साल्दीवार याच्याशी तीनदा झुंज दिली : १९६५ मध्ये लंडनला, १९६७ च्या जूनमध्ये कार्डिफला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेक्सिको शहरात. तिन्ही वेळा तो हरला. तिसऱ्या लढतीत बाराव्या फेरीत विन्स्टन खाली पडला, तेव्हा त्याचे व्यवस्थापक एडी थॉमस, तेही मर्थरचेच, यांनी रिंगणात टॉवेल फेकला. टॉवेल फेकणे म्हणजे आपल्या गड्याच्या वतीने हार पत्करणे. विन्स्टन जिवंत परतला, आणि पुढच्याच वर्षी, १९६८ च्या जानेवारीत, साल्दीवारने निवृत्त होऊन मोकळ्या केलेल्या किताबाचा मानकरी ठरला. या टॉवेलाची आठवण ठेवावी. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

विन्स्टनच्या गावात ७ जानेवारी १९५६ रोजी जॉनी ओवेन जन्मला. पिंतोरहून तो नऊ महिन्यांनी लहान. उंची पाच फूट आठ इंच आणि वजन जेमतेम बँटमएवढे. छातीच्या फासळ्या मोजाव्यात आणि हातापायांच्या काड्या, असा देह. गावाने त्याला 'मर्थरची आगकाडी' असे नाव ठेवले होते. तो कारखान्यात यंत्रावर काम करी, पहाटे डोंगरातून मैलोगणती धावे. स्वभावाने बुजरा, घरच्यांत रमणारा. रिंगणाबाहेर तो अगदी परका वाटे, पण एकदा घंटा झाली की न थकता पुढे पुढे चालून जाई. १९७७ मध्ये तो ब्रिटनचा विजेता झाला, १९७८ मध्ये राष्ट्रकुलाचा, आणि १९८० च्या फेब्रुवारीत युरोपचा. पिंतोरसमोर उभा राहीपर्यंत २७ लढतींत त्याची एकच हार आणि एकच बरोबरी होती. त्याचे वडील डिक ओवेन्स हेच त्याला शिकवत आणि रिंगणाच्या कोपऱ्यात उभे राहत.

म्हणजे पाहा, एका बाजूला वडिलांच्या माराने घर सोडलेला मुलगा, आणि दुसऱ्या बाजूला वडिलांचा हात पाठीवर घेऊन लढणारा मुलगा. दोघेही गरिबीतून आलेले, आणि आपल्या परीने दोघेही सरळमार्गी. एकाचे दुसऱ्याशी काही वैर नव्हते. ते एकमेकांची भाषाही जाणत नव्हते.

१९ सप्टेंबर १९८०

लढत लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिक ऑडिटोरियममध्ये झाली. १९३२ च्या ऑलिंपिकसाठी म्हणून १९२५ साली उघडलेले हे सभागृह. आसनांची रचना अशी उभी की प्रेक्षकांचा आरडाओरडा सरळ रिंगणात कोसळे. त्या रात्री गर्दी अर्थातच मेक्सिकनांची होती, आणि ती पाहुण्याशी सौजन्याने वागली असे कोणीही म्हणत नाही.

पहिल्या आठ फेऱ्यांत ओवेनने भल्याभल्यांना चकित केले. तो मागे सरला नाही. जगज्जेत्याला त्याने काम लावले. पण त्याचे ओठ आतून फाटले होते आणि रक्त गिळत तो लढत होता. नवव्या फेरीत पिंतोरच्या ठोशाने तो खाली पडला. व्यावसायिक कारकिर्दीत तो प्रथमच पडला होता. उठला, पुन्हा पुढे गेला. दहावी आणि अकरावी फेरी त्याने काढली. बाराव्या फेरीत तो पुन्हा पडला, पुन्हा उठला. त्यानंतर पिंतोरचा उजव्या हाताचा ठोसा बसला. ओवेन जमिनीवर आदळण्याआधीच त्याची शुद्ध गेली होती.

ती परत आली नाही. मेंदूतली रक्ताची गाठ काढण्यासाठी शस्त्रक्रिया झाली. तो जवळजवळ सात आठवडे बेशुद्धीत होता. ४ नोव्हेंबर १९८० रोजी, चोविसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. शवविच्छेदनात आढळले की त्याची कवटी विलक्षण पातळ होती आणि जबडा मात्र विलक्षण मजबूत. या एका वाक्यात केवढी शोकांतिका आहे! जबडा कमकुवत असता तर तो आधीच्या एखाद्या लढतीत लवकर कोसळला असता, आणि कदाचित या वाटेने इतका पुढे आलाच नसता. ज्या कणखरपणाचे कौतुक झाले तोच त्याचा वैरी ठरला.

असे का होते, हे वैद्यकशास्त्राने सांगितलेले आहे. ठोशाने डोके एकाएकी फिरते तेव्हा कवटी फिरते आणि आतला मेंदू क्षणभर मागे राहतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून आवरणाकडे जाणाऱ्या नाजूक शिरा ताणल्या जातात आणि तुटतात. रक्त साचते, कवटी हाडाची असल्याने त्याला बाहेर जायला जागा नसते, आणि दाब मेंदूवर येतो. मोजे घातल्याने हाताची हाडे वाचतात, चेहरा थोडाफार वाचतो. मेंदूचे हे फिरणे काही थांबत नाही.

दोष कोणाचा?

या मृत्यूनंतर जी चर्चा झाली तिच्यात तीन पक्ष दिसतात, आणि असा प्रसंग कोठेही घडला तरी हेच तीन पक्ष उभे राहतात.

पहिला पक्ष म्हणतो की हा खेळच बंद करावा. स्वीडनने १९७० साली आणि नॉर्वेने १९८१ साली व्यावसायिक मुष्टियुद्धावर कायद्याने बंदी घातली होती. पुढे दोन्ही देशांनी ती सैल केली किंवा उठवली. ब्रिटिश वैद्यकांच्या संघटनेने १९८२ मध्ये हा खेळ बंद व्हावा असा ठराव केला. या पक्षाचे तर्कशास्त्र सरळ आहे : ज्या खेळात इजा हेच साधन आहे, तेथे मृत्यूला अपघात म्हणणे ही आत्मवंचना होय.

दुसरा पक्ष म्हणतो की दोघे प्रौढ होते, दोघांनी स्वखुशीने करार केला होता, आणि रिंगण नसते तर या मुलांच्या वाट्याला खाण, कारखाना किंवा तुरुंग आला असता. खाणीत काय माणसे मरत नाहीत? हा युक्तिवाद मर्थरमध्ये कोणालाही खोटा म्हणता आला नसता.

तिसरा पक्ष सुधारकांचा. खेळ ठेवावा, नियम बदलावेत. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगास येथे रे मॅन्सिनी या अमेरिकन लाइटवेट जगज्जेत्याच्या हातून कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत मेला. तेव्हा जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने ठरवले की १९८३ पासून किताबाच्या लढती पंधराऐवजी बाराच फेऱ्यांच्या होतील. शेवटच्या फेऱ्यांत गडी थकलेला असतो आणि थकलेल्या डोक्याला मार जास्त लागतो, हा त्यामागचा विचार. काही वर्षांत इतर संघटनांनीही हाच नियम पत्करला, आणि आज तो सर्वत्र रूढ आहे.

नियम चांगलाच झाला. पण येथे इतिहासाचा विद्यार्थी क्षणभर थांबतो. ओवेन कोसळला तो बाराव्या फेरीत. म्हणजे हा नियम १९८० साली असता तरी ओवेन वाचला नसता! आणि याहून विदारक गोष्ट पुढेच आहे. १९८३ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात जखमी झाल्यामुळे पिंतोरला किताब राखण्यासाठी लढता आले नाही, आणि तो त्याच्या हातून गेला. त्या मोकळ्या झालेल्या किताबासाठी १ सप्टेंबर १९८३ रोजी अमेरिकेचा आल्बेर्तो दाविला आणि मेक्सिकोचा फ्रान्सिस्को बेहिनेस लढले. सभागृह तेच, ऑलिंपिक ऑडिटोरियम. लढत नव्या नियमाप्रमाणे बारा फेऱ्यांची. बेहिनेस गुणांत पुढे होता. शेवटच्या, बाराव्या फेरीत तो कोसळला, आणि तीन दिवसांनी मेला. तोच किताब, तेच सभागृह, तीच फेरी. पुढे २००५ साली ही वास्तू एका चर्चने घेतली आणि तेथे प्रार्थना होऊ लागल्या.

यावरून आम्हांला असे वाटते की, फेऱ्यांच्या आकड्याने माणूस वाचत नाही. योग्य क्षणी कोणीतरी 'आता पुरे' म्हणावे लागते. आता तो एडी थॉमस यांचा टॉवेल आठवा. १९६७ सालचीही फेरी बारावीच होती, गडी मर्थरचाच होता, समोर मेक्सिकोचाच जगज्जेता होता. एका माणसाने हार पत्करण्याचे धैर्य दाखवले आणि विन्स्टन पुढे तेहतीस वर्षे जगला. तथापि यावरून ओवेनच्या कोपऱ्यातल्या माणसांना दोष देणे हा मोठा अन्याय होईल. विन्स्टनची अवस्था डोळ्यांना दिसत होती. ओवेन पडून उठत होता, पुढे चालून जात होता, आणि त्याच्या कवटीचे गुपित कोणालाच ठाऊक नव्हते. थांबवण्याचा क्षण नंतर सर्वांना दिसतो. घडताना तो फार थोड्यांना दिसतो. म्हणून थांबवणाऱ्याला भ्याड न म्हणणारी गर्दी हा या खेळातला सर्वांत मोठा सुरक्षानियम आहे, आणि तो कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नाही. तिकीट काढून बसलेला प्रेक्षक या हिशेबातून सुटत नाही, तो असा.

जो उरला त्याचे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जिंकलेल्या माणसाने काय करायचे?

पिंतोरच्या आधीही हा प्रसंग मेक्सिकोत येऊन गेला होता. जगज्जेता होसे बेसेर्रा याच्याशी १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये ग्वादालाहारा येथे लढलेला वॉल्ट इन्ग्रॅम हा अमेरिकन तरुण लढतीनंतर मेला. बेसेर्राने पुढच्या वर्षी, चोविशीतच, निवृत्ती पत्करली. १९६३ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसला फेदरवेट किताब जिंकणारा उल्तिमिनियो रामोस हा जन्माने क्यूबाचा, पण मेक्सिकोत स्थायिक झालेला; त्याचा प्रतिस्पर्धी डेव्ही मूर चार दिवसांनी मेला. या माणसांवर खटले झाले नाहीत, होणे शक्यही नव्हते. पण ज्याच्यावर खटला होत नाही त्याची निर्दोष सुटकाही होत नाही, ही त्यांची अडचण होती. न्यायालय शिक्षा देते आणि शिक्षेला शेवट असतो. येथे शेवट सांगणारा कोणीच नाही.

पिंतोर हादरून गेला होता. त्याने लढणे सोडावे की नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. तेव्हा त्याला धीर आला तो अनपेक्षित दिशेने. ओवेनच्या घरच्यांनीच त्याला लढत राहण्यासाठी प्रोत्साहन दिले. ज्यांचा मुलगा गेला त्यांनी ज्याच्या हातून गेला त्याला सावरावे, हे औदार्य शब्दांत मावणारे नाही. ओवेनच्या मृत्यूनंतर दीड महिन्यातच, डिसेंबर १९८० मध्ये, पिंतोर पुन्हा रिंगणात उतरला आणि आल्बेर्तो दाविलाला त्याने गुणांवर हरवले. हाच तो दाविला, की ज्याच्यावर तीन वर्षांनी नेमका तसाच प्रसंग यायचा होता.

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगता येईल. साऱ्या मिळून आठ वेळा पिंतोरने बँटमवेट किताब राखला. ३ डिसेंबर १९८२ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये तो वरच्या वर्गातल्या विल्फ्रेदो गोमेस या पोर्तो रिकोच्या अजस्र ताकदीच्या जगज्जेत्याशी भिडला. किमच्या मृत्यूला जेमतेम पंधरा दिवस झाले होते आणि ही लढत जुन्या नियमाप्रमाणे पंधरा फेऱ्यांची होती. चौदाव्या फेरीत पिंतोर हरला. हरूनही त्या रात्री त्याला तो मान मिळाला, जो सारातेवरच्या विजयाने मिळाला नव्हता. मोटारसायकलच्या अपघातातून सावरल्यावर १८ ऑगस्ट १९८५ रोजी मेक्सिको शहरात, आपल्या माणसांसमोर, त्याने हुआन मेसाला हरवून सुपर बँटमवेटचा किताब जिंकला. दोन वर्गांत जगज्जेता झाला. पुढच्या जानेवारीत बँकॉकला थायलंडच्या समार्त पयाकारूनने त्याला पाचव्या फेरीत गारद केले. त्यानंतरच्या लढती मावळतीच्या. ५६ विजय, त्यांतले ४२ नॉकआउट, हा त्याचा एकूण हिशेब. आणि २०१६ साली आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध कीर्तिमंदिरात त्याच्या नावाचा समावेश झाला.

पण त्या ४२ मधला एक आकडा इतर एकेचाळीसांसारखा नाही. नोंदवहीत तो तसाच दिसतो. नोंदवहीला फरक कळत नाही; पिंतोरला कळत होता.

एका पुतळ्याचे अनावरण

ओवेनला जाऊन बावीस वर्षे झाली. मर्थरने त्याचा पुतळा उभारायचे ठरवले. गावात हॉवर्ड विन्स्टन आणि एडी थॉमस यांचेही पुतळे आहेत. अनावरणाला कोणाला बोलवावे? कोणी मंत्री, कोणी मोठा खेळाडू सहज मिळाला असता. डिक ओवेन्स या वृद्ध बापाने वेगळेच ठरवले. २००२ साली तो स्वतः मेक्सिकोला गेला, लूपे पिंतोरला शोधून भेटला, आणि माझ्या मुलाच्या पुतळ्याचे अनावरण तू कर, अशी विनंती त्याने केली.

पिंतोर आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मर्थर टिडफिलच्या लोकांसमोर, ओवेनच्या वडिलांच्या शेजारी उभे राहून, त्याने पुतळ्यावरचे वस्त्र दूर केले. ज्या गावाने त्याला शिव्याशाप दिले असते तरी ते समजण्यासारखे होते, त्या गावाने त्याचे स्वागत केले.

या घटनेचा अर्थ काय? बापाने क्षमा केली, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला ते अपुरे वाटते. क्षमा गुन्हेगाराला करतात. पिंतोर गुन्हेगार नव्हता, आणि हे डिक ओवेन्स यांना इतर कोणापेक्षा अधिक ठाऊक होते, कारण ते स्वतः त्या रिंगणाच्या कोपऱ्यात होते. आमच्या समजुतीप्रमाणे त्यांनी एक ओझे वाटून घेतले. त्या रात्रीची आठवण पृथ्वीच्या दोन टोकांना दोन माणसे एकेकटी वाहत होती. एकाने दुसऱ्याला हाक मारली आणि म्हटले, ये, हे आपण दोघे मिळून धरू. विजेत्याचे ऋण फिटत नाही, पण ते कोणाच्या तरी साक्षीने मान्य करता येते. पिंतोरने मर्थरला जाऊन ते मान्य केले. बाप आपल्या परीने त्या ऋणाचा भागीदार झाला.

आपल्याकडे तर्पणाची रीत आहे. गेलेल्याला पाणी देणारा हात कोणाचा, याला आपल्या परंपरेत फार महत्त्व. तो हात पुत्राचा, आप्ताचा असावा असे शास्त्र म्हणते. मर्थरच्या त्या म्हाताऱ्याला आपले शास्त्र माहीत असण्याचे कारण नाही; पण त्याने ज्याच्या हाती पुतळ्याचे वस्त्र दिले, त्याला त्याने एका अर्थाने आप्तच करून घेतले.

श्रोतेहो, विजेत्यांची चरित्रे आपण पुष्कळ वाचतो. त्यांत पराभूतांची नावे तळटीपेत असतात, आणि पुष्कळदा तेथेही नसतात. लढाई रणांगणावरची असो, बाजारातली असो की रिंगणातली, जो जिंकतो तो कोणाच्या तरी पराभवावर उभा असतो. हा जगाचा व्यवहार आहे; त्याबद्दल विजेत्याला गुन्हेगार मानण्याचे कारण नाही. पण ज्याच्यावर आपण उभे आहोत त्याचे नाव तरी आपल्याला ठाऊक असावे, वेळ आली तर त्याच्या गावी जाण्याची तयारी असावी, आणि टाळ्या वाजवणाऱ्या आपणही, गडी थकला आहे असे दिसताच, 'पुरे' म्हणण्याची सवय लावून घ्यावी. लूपे पिंतोरच्या चरित्रातून एवढेच घेण्यासारखे आहे, आणि तेवढे पुष्कळ आहे.